आधी दारू सुटू दे, सिगरेटचं नंतर बघू?

एका ताईंनी विचारलंय. धाकटा भाऊ, वय ३८, दारूसाठी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल आहे, तिसरा आठवडा चालू आहे. डिप्रेशनचं निदान जुनंच, त्यावरची सर्ट्रालिन ही गोळी सुरू आहे. दारू बंद झाली, पण सिगरेटी दिवसाला दहाच्या पंधरा झाल्या. केंद्रातले म्हणतात, एका वेळी एकच व्यसन. भाऊ म्हणतो, "सिगरेट पण काढून घेतलीत तर मी जगणारच नाही." सिगरेट सोडल्याने डिप्रेशन वाढतं का, आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे चिडचिड होईल, मन खाली जाईल, झोपेची बोंब असेल. ते दिवस सरले आणि सिगरेट खरोखर सुटली, तर बहुतेकांचं मन आधीपेक्षा बरं होतं. ज्यांना डिप्रेशनचा आजार आहे त्यांचंही. आणि "नंतर बघू" मधलं ते नंतर सहसा उजाडतच नाही. भावाचं ते वाक्य मात्र नुसता हट्ट म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याच्याकडे पुढे येते.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीच्या कामात बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हेच म्हणायचे, आधी दारू, मग बाकीचं. एवढंच नाही, मी ज्या केंद्रात होते तिथे दुपारी चारला चहाबरोबर बिड्या वाटायची पद्धत होती, माणशी दोन. वॉर्डबॉय रजेवर असला की त्या मोजून मीच द्यायचे. ग्रुपमध्ये मोकळेपणाने बोलला त्याला एक जास्त. पांढरा कोट घालून बिड्या वाटणारी डॉक्टर, यात काही विचित्र आहे असं तेव्हा ना मला वाटलं ना कुणाला. दारू सुटलीय बिचाऱ्याची, एवढा आधार तरी राहू दे, असंच सगळे म्हणायचे.

त्या बॅचमधला एक जण सहा वर्षं सोबर, म्हणजे दारूशिवाय, राहिला. सोब्रायटीच्या वाढदिवसाला दर वर्षी पेढे घेऊन यायचा. सातव्या वर्षी आला नाही. फोन केला तेव्हा बायकोने सांगितलं, हार्ट अटॅक आला, एकोणपन्नासाव्या वर्षी. दारूचा थेंब घेतला नव्हता. बिडीची दोन बंडलं मात्र रोजची होती, आणि सहा वर्षांत तो विषय मी एकदाही काढला नव्हता.

हे काही माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेत मिनेसोटात दारू आणि ड्रग्जसाठी दाखल होऊन गेलेल्या ८४५ जणांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला, १९९६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. त्यातले जे वारले, त्यांतल्या निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूशी जोडलेल्या आजारांनी गेले. दारूशी जोडलेल्या आजारांनी गेले ते साधारण एक तृतीयांश. म्हणजे ज्यासाठी दाखल केलं त्यापेक्षा ज्याकडे डोळेझाक केली त्याने जास्त माणसं नेली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन छत्तीस वर्षं दारूपासून दूर राहिले आणि १९७१ मध्ये फुप्फुसांच्या आजाराने गेले. ते आयुष्यभर भरपूर सिगरेट ओढणारे होते.

आता ते "बरं वाटणं" काय असतं ते बघू, कारण भावाशी बोलताना तुम्हाला याचाच उपयोग होईल. झुरका मारल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. पण रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. मग अस्वस्थता, कशात लक्ष न लागणं, उगाच भडकणं. पुढची सिगरेट ओढली की ते शमतं. माणूस म्हणतो, बघा, सिगरेटने डोकं शांत झालं. खरं म्हणजे मागच्या हप्त्याचं व्याज चुकवायला त्याच सावकाराकडून पुन्हा उचल घेतली, इतकंच. रात्री सात तास झोपेत उचल नाही, म्हणून सकाळी वसुली सगळ्यात कडक. आणि डिप्रेशनमध्ये मन सगळ्यात जड असतं तेही बऱ्याचदा सकाळीच. ही दोन ओझी एकावर एक बसतात. पहिली सिगरेट त्यातलं एक उतरवते, आणि माणसाला वाटतं दोन्हीवर औषध हेच. वीस वर्षं रोज सकाळी हा अनुभव घेतलेल्याला "सिगरेटने ताण वाढतो" असं पोस्टरवर लिहून पटणार नाही.

शिवाय त्याचं म्हणणं सगळंच खोटं नसतं. तंबाखूच्या धुरात असे काही घटक असतात जे मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम दाबून ठेवतात. नैराश्यावरची काही जुनी औषधं याच वाटेने काम करायची. धूर थांबला की तो दाब उठतो. म्हणून ज्यांचं मन मुळातच दबलेलं आहे त्यांना पहिले काही आठवडे इतरांपेक्षा जड जातात. हे मी पेशंटला आधीच सांगते. न सांगता सोडायला लावलं की चौथ्या दिवशी तो म्हणतो, मला माहीत होतंच.

दीर्घ पल्ल्याचं चित्र मात्र उलटं आहे. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सोडलेल्यांमध्ये उदासी, चिंता, ताण हे न सोडलेल्यांपेक्षा कमी झाले होते. फरक साधारण नैराश्याच्या गोळ्यांनी पडतो तेवढा, आणि ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तेवढाच. दारूचं काय होतं, तर २००४ साली व्यसनमुक्ती उपचार घेणाऱ्यांवरच्या १९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. तंबाखूसाठीही मदत मिळालेल्यांमध्ये पुढे दारू-ड्रग्जपासून दूर राहण्याची शक्यता सुमारे २५ टक्के जास्त निघाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी दारूच्या ४९९ पेशंटांवरची एक चाचणी आली. काहींना सिगरेटची मदत दारूच्या उपचाराबरोबरच दिली, काहींना सहा महिने थांबून. सिगरेट सुटण्यात फरक नव्हता, पण ज्यांना दोन्ही एकदम दिलं त्यांची दारूची प्रगती कमी निघाली. "एका वेळी एकच" म्हणणारे अगदीच हवेत बोलत नाहीत ते यामुळे. माझा स्वतःचा निष्कर्ष असा: विषय पहिल्या दिवशी काढायचा, तारीख पेशंटने ठरवायची. कुणी दहाव्या दिवशी तयार होतो, कुणी दोन महिन्यांनी फॉलोअपला. पण पहिल्या केसपेपरवर "दिवसाला किती, उठल्यावर किती मिनिटांत पहिली" हे लिहिलेलं असलंच पाहिजे. त्यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांत पेटवणारा माणूस दिवसाला आठच ओढत असला तरी पक्का अडकलेला असतो.

आता भावाचं वाक्य. "जगणारच नाही" हे आपल्याकडे चहाबद्दलही म्हणतात. पण जो डिप्रेशनमध्ये आहे, नुकतीच दारू सुटलीय, त्याने म्हटलं तर मी समोर बसून सरळ विचारते: "म्हणजे सिगरेटशिवाय करमणार नाही असं म्हणताय, की मरून जावं असे विचार येतात?" विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती चुकीची आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. हे तुम्हीही विचारू शकता. उत्तर दुसरं निघालं तर सिगरेटची तारीख पुढे जाते आणि त्याच दिवशी डॉक्टरच्या कानावर घालायचं. रात्री-अपरात्री प्रसंग आला तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

उत्तर पहिलं असेल, म्हणजे करमणार नाही एवढंच, तर मग औषधांचं बोलू. यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते मात्रेत.

सर्ट्रालिन त्याच्या डिप्रेशनसाठी योग्यच आहे, पण त्याने सिगरेट सुटत नाही. त्या गटातल्या गोळ्या तंबाखू सोडवण्यासाठी तपासून झाल्यात, उपयोग दिसला नाही. "डिप्रेशन गेलं की सिगरेट आपोआप सुटेल" हे त्यामुळे धरून चालू नका. सिगरेटला तिचं स्वतःचं औषध लागतं.

निकोटिनचे पॅच येतात २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचे. पंधरा सिगरेटी ओढणाऱ्याला सहसा २१ पासून सुरू करतो. सोबतीला च्युइंगम, २ किंवा ४ मिलिग्रॅमचं. अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला ४ चं. पॅच दिवसभराचा पाया सांभाळतो, गम अचानक उसळलेल्या तलफेसाठी. दोन्ही मिळून दिलं तर एकट्यापेक्षा जास्त जणांची सुटते. आता होतं काय, तर माणूस दिवसात दोन गम खातो, ते लहान मुलांच्या बबलगमसारखं कराकरा चावतो, वर गरम चहा पितो, आणि सांगतो की उपयोग नाही, नुसत्या उचक्या लागतात. गम आठ-दहा वेळा हळू चावायचं, जिभेला मिरमिरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी, सरबत नाही, कारण आंबटपणाने निकोटिन शोषलं जात नाही. पहिल्या आठवड्यांत दिवसाला आठ-दहा लागले तर लागू देत. "एक निकोटिन काढून दुसरं लावलं" म्हणून घरचे नाक मुरडतात. कॅन्सर होतो तो धुराने, पॅचने नव्हे.

गुटखा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही त्यांना गम देऊन उपयोग नाही, त्यांना पॅचच. आणि पॅच लावून झोपल्यावर विचित्र स्वप्नं पडत असतील तर रात्री काढून ठेवायचा. आधीच झोप नाही म्हणून रडणाऱ्याला एवढ्या एका सूचनेने फार बरं वाटतं.

बुप्रोपिऑन हे औषध नैराश्यावरही चालतं आणि सिगरेटवरही, म्हणून एका दगडात दोन पक्षी म्हणून त्याचा मोह होतो. पण दारू एकदम बंद केली असेल, किंवा डिटॉक्समधल्या, म्हणजे दारू अंगातून उतरवतानाच्या, झोपेच्या गोळ्या अजून कमी होत असतील, तर ते देत नाहीत, फिट येऊ शकते. पूर्वी कधी फिट आली असेल तर मुळीच नाही. तुमच्या भावाचा तिसरा आठवडा आहे. दारू सोडताना फिट आली होती का हे डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगा. घरचे हे सांगायचं विसरतात, आणि पेशंटला स्वतःला आलेली फिट आठवत नाही.

व्हॅरेनिक्लीन ही सिगरेट सोडवणारी गोळी. तिच्याबद्दल इंटरनेटवर वाचून घाबरू नका. तिने आत्महत्येचे विचार येतात असा ठळक इशारा अमेरिकेत अनेक वर्षं पाकिटावर होता. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर, ज्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, मोठी चाचणी झाली आणि २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मानसिक दुष्परिणामांत साध्या पॅचच्या किंवा खोट्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि सिगरेट सोडवण्यात हीच गोळी सरस ठरली. त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. मात्र त्या चाचणीत आजार स्थिर असलेलेच लोक घेतले होते, हे मी विसरत नाही. डिप्रेशन उसळलेलं असताना मी ती सुरू करत नाही, आधी मन थोडं सावरू देते. भरल्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळीने दुसऱ्याच दिवशी सुटते ती गोळीच. किडनीचा त्रास असेल तर मात्रा कमी. आणि गोळी चालू असताना दारू प्यायली तर ती नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, वागणं बिघडू शकतं, हे पेशंटला स्पष्ट सांगून ठेवायचं.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवून ठेवतात आणि काही औषधं त्यामुळे लवकर निचरून जातात. सिगरेट बंद झाली की आठवड्याभरात तेवढ्याच गोळीची रक्तातली पातळी वर चढते. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या औषधांच्या बाबतीत हे ठळक, नैराश्यावरच्या ड्युलॉक्सेटीन, फ्लुव्हॉक्सामीनच्याही. पॅच लावल्याने हे टळत नाही, कारण करामत धुराची असते, निकोटिनची नाही. झोपेसाठी म्हणून रात्री थोडं ओलान्झापिन चालू असलेला माणूस सिगरेट सोडल्यावर दिवसभर पेंगतो, आणि सगळे म्हणतात डिप्रेशन वाढलं. मात्रा कमी करायची असते.

आणि या यादीत चहाही आहे! कॅफिन त्याच वाटेने निचरतं. सिगरेट बंद झाल्यावर तेवढ्याच पाच कप चहाचं कॅफिन अंगात जवळजवळ दुप्पट साठतं. धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग. पेशंट म्हणतो सिगरेट नाही म्हणून होतंय, डॉक्टर घबराटीची गोळी लिहितात. मी आधी चहा निम्म्यावर आणते. केंद्राच्या स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याशी यावरून वाद घातलाय मी.

आता एक माणूस दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सुतारकाम करणारे काका, पन्नाशीचे, दारूसाठी दाखल, जोडीला डिप्रेशन. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. एका कानावर पेन्सिल, दुसऱ्या कानावर बिडी, अशी सवय की केंद्रातही हात कानाकडे जायचा. सिगरेटवाल्यांपेक्षा बिडीवाल्यांना लोक हलक्यात घेतात, पण बिडी सारखी विझते म्हणून झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात. काकांची दिवसाला तीस-पस्तीस व्हायची. विषय काढला की एकच उत्तर: "माझ्यात आता काय बदलायचंय, मॅडम."

आमच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. पंधरा सेकंद श्वास धरायचा आणि हळू फुंकायचं. त्यांचा आकडा आला ३१. मी म्हटलं, बिडी न ओढणाऱ्याचा सहासुद्धा भरत नाही. ते म्हणाले, "असेल." दोन दिवसांनी ठरवलेली तारीख होती. पॅच लावला, खिशात गम. त्या दिवशी तीन बिड्या तरीही झाल्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फुंकायला लावलं. ४. काकांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं करून पाहिलं, परत फुंकलं. पुन्हा ४. "बिघडलं नाही ना हे?" म्हणून वॉर्डबॉयला फुंकायला लावलं, त्याचा आला १९. वॉर्डबॉय लाजला, काका पंधरवड्यात पहिल्यांदा हसले. माझ्यात काही बदलतच नाही असं ठामपणे मानणाऱ्या माणसाला दोन दिवसांत बदललेला आकडा हातात मिळाला होता. तासभर समुपदेशन करून मला ते जमलं नव्हतं. त्या वॉर्डबॉयचंही पुढे बघावं लागलं, कारण स्टाफ मागच्या जिन्यात ओढत असेल तर पेशंटला कोण काय सांगणार.

पण खरी अडचण काकांची तलफ नव्हती. बिडी त्यांच्यासाठी काय काय करायची याची यादी आम्ही बसून काढली. सकाळी उठवायची. पोट साफ करायची. (हसू नका, "बिडीशिवाय संडासला होत नाही" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण आहे, आणि सोडल्यावर बद्धकोष्ठ खरंच होतं. गरम पाणी, पपई, रात्री इसबगोल, थोडं चालणं, दोन आठवड्यांत मार्गी लागतं.) कामात थांबायला निमित्त द्यायची. टपरीवर दोन माणसं भेटवायची. बायको गेल्यावर टपरीवरची ती दहा मिनिटं हेच त्यांचं बोलणं. डिप्रेशनमध्ये आनंदाच्या वाटा आधीच बुजलेल्या असतात, त्यात उरलेली एक आपण बंद करत असतो. ती बंद करायच्या आधी दुसरी उघडी पाहिजे. "छंद जोपासा" असल्या सल्ल्याने ती उघडत नाही, छंद जोपासण्याची ताकदच त्या आजाराने नेलेली असते. छोटं, वेळ ठरलेलं आणि मूड असो-नसो करायचं, असं काम लागतं. काकांसाठी आम्ही केंद्रातलं मोडकं बाकडं काढलं. रोज सकाळी साडेसातला रंधा. पहिले तीन दिवस त्यांनी नुसतं बाकड्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून सुरी आणून पेन्सिलीला टोक केलं.

पाचव्या आठवड्यात घरी गेल्यावर एका लग्नात त्यांच्या दोन बिड्या झाल्या. याला आम्ही स्लिप म्हणतो, म्हणजे पाय घसरणं; रिलॅप्स, म्हणजे व्यसन पुन्हा जडणं, नाही. डिप्रेशन असलेला माणूस मात्र दोन बिड्यांवरून थेट "माझ्याच्याने काही होत नाही, मग दारूच का सोडली" इथपर्यंत पोचतो, आणि पोचायला अर्धा तास पुरतो. म्हणून हे आधीच बोलून ठेवायचं: झालीच एखादी, तर पॅच फाडून टाकायचा नाही, गोळी बंद करायची नाही, त्याच संध्याकाळी फोन करायचा. काकांनी फोन केला. म्हणाले, "मॅडम, चव बरी नाही लागली, पण ओढली."

सोडल्यानंतरची उदासी साधी की आजाराची, हे घरी कसं ओळखायचं? निकोटिनची उदासी पहिल्या दिवशीच येते, पहिल्या आठवड्यात शिगेला जाते, महिन्याभरात ओसरते. तिच्यासोबत भूक वाढते, चिडचिड असते, पण मुलाने विनोद केला तर हसू येतं. डिप्रेशन उसळलं तर दोन आठवड्यांनंतर दिवस सुधारण्याऐवजी बिघडत जातात. त्यात जेवणावरची वासना बऱ्याचदा जाते, पहाटे तीनला जाग येते, "मी सगळ्यांना ओझं आहे" अशी भाषा सुरू होते. नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी मराठीतही आहे. मी ती सोडण्याच्या आधी एकदा आणि नंतर दर आठवड्याला भरून घेते, म्हणजे "वाटतंय" वर भांडण होत नाही. आकडा चढत गेला तर उपचार नैराश्याचा वाढवायचा. हातात पुन्हा सिगरेट द्यायची नाही.

आणखी एक वाट आपल्याकडे फार वाहती आहे. सिगरेट बंद आणि चुना मळलेली तंबाखू सुरू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ६ टक्के होते, तोंडातून तंबाखू घेणारे २४ टक्क्यांहून जास्त. म्हणजे केंद्रात, नात्यात, नाक्यावर, हात पुढे केला की चिमूट मिळते. भावाला विचारताना "सिगरेट ओढलीस का" एवढंच विचारू नका, तंबाखूचं नाव घेऊन विचारा. घरात आई-मावशी मशेरी लावत असतील तर तेही बोलण्यात येऊ द्या. बायकांच्या तंबाखूला आणि त्यांच्या उदासीला, दोन्हींना आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

तर, ताई, या आठवड्यात करायचं ते. केंद्राच्या डॉक्टरांशी भांडू नका, फक्त तीन गोष्टी विचारा: पॅच आणि गम इथेच सुरू करता येईल का, दुसऱ्या औषधांच्या मात्रा सिगरेट सुटल्यावर कोण बघणार, आणि डिस्चार्जनंतर पहिला फॉलोअप सात दिवसांच्या आत मिळेल का. ते नाही म्हणाले तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, मोफत. भावाला "सोड" म्हणू नका. "दिवसातली कुठली सिगरेट सगळ्यात नकोशी वाटते" असं विचारा. बहुतेकांना अशी एक असतेच, जेवणानंतरची नाहीतर रात्रीची शेवटची. सुरुवात तिथून होते, आणि ती त्याची स्वतःची असते.

तुमचे यजमान गॅलरीत ओढतात असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. भाऊ तुमच्याकडेच राहायला येणार असेल तर ते आधी मिटवा. त्यांची सुटली नाही तरी पाकीट आणि लायटर घराच्या बाहेर, गाडीतही नाही. पहिले दोन महिने ऑफिसमध्ये काय करायचं ते करा म्हणावं. आणि डिस्चार्जच्या दिवशी आणायला जाल तेव्हा घरून थर्मासमध्ये चहा न्या, अर्धा कपच. केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाची पहिली सिगरेट बहुधा वाटेतल्या चहाच्या टपरीवरच पेटते, आणि गाडी तिथे थांबवणारे बहुतेक वेळा घरचेच असतात.